मुक्या जेवणाची पाहुणी

१

चार वाजले की नरेंद्र सबनीस चहा करत. वसुधा होती तोवर चार वाजले की चहा टेबलावर यायचा, आणि तो कुठून येतो याची चौकशी करायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. ती गेल्यावर काही आठवडे त्यांनी चहाच सोडून दिला. मग एका दुपारी पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदम पातेल्यात ओतून उकळलं, नाक मुरडत प्यायले, आणि तेव्हापासून तोच चहा चालू होता.

ईडन प्रेरी गावातलं ते घर एका माणसाला फार मोठं होतं. मुलगी उर्वी टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला असायची. तिच्या घरी वडलांसाठी एक खोली कधीची तयार होती, आणि सबनीस दर फोनला न येण्याचं नवीन कारण देत होते. कारणं शोधणं हा त्यांचा जन्मभराचा धंदा. पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत, बिघडून परत आलेले पेसमेकर उघडून ते का बिघडले हे शोधून काढायचं काम त्यांच्याकडे होतं. कारणाशिवाय काही घडत नाही आणि ज्याला कारण सापडत नाही त्यानं नीट शोधलेलं नसतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. वसुधाचं श्राद्ध त्यांनी केलं नाही. महाराष्ट्र मंडळातल्या बायका आपसांत कुजबुजल्या. सबनिसांनी रक्तपेढीला चेक पाठवला आणि विषय मिटवला.

शेजारी इंग्रिड राहायची. शाळेच्या लायब्ररीतून निवृत्त झालेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. तिच्या बागेत झुकिनी, ती काकडीसारखी दिसणारी भाजी, फार व्हायची आणि ती गल्लीभर वाटायची. एकदा कुंपणापाशी तिनं सांगितलं की ती विक्का पंथाची आहे, विच, म्हणजे चेटकीण, आहे. एखादीनं आपण शाकाहारी आहोत म्हणून सांगावं त्या सुरात सांगितलं. सबनिसांनी चौकशी केली तेव्हा कळलं की झाडूवर बसणं वगैरे भानगड नाही. एक देवी आहे, एक देव आहे, सूर्याच्या चालीवर बेतलेले वर्षाचे आठ सण आहेत, आणि कुणाचं वाईट करायचं नाही असा नियम आहे. केलंत तर तिप्पट होऊन परत येतं.

"तिप्पटच का? अडीचपट का नाही?" सबनिसांनी विचारलं होतं.

इंग्रिड मनापासून हसली होती. वसुधा आजारी असताना ही बाई रोज सूप आणून द्यायची, त्यामुळे तिच्या देवीबद्दल सबनिसांची काही तक्रार नव्हती.

२

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी इंग्रिडनं त्यांना जेवायला बोलावलं. बाहेर पोरं सोंगं घेऊन चॉकलेटं मागत हिंडत होती. इंग्रिडकडे त्या संध्याकाळचं नाव वेगळं होतं, सॉवेन. वर्ष संपतं, सुगी संपते, आणि इकडच्या आणि तिकडच्या माणसांमधला पडदा पातळ होतो, असं तिचं म्हणणं. म्हणून एक मुकं जेवण करायचं. गेलेल्या माणसासाठी टेबलाच्या टोकाला एक खुर्ची मांडायची, काळ्या कापडानं झाकायची, समोर ताट वाढायचं. जेवताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. आणि सगळं उलटं वाढायचं. आधी गोड, मग जेवण, शेवटी सूप. कारण तिकडे सगळं उलट चालतं म्हणे.

सबनीस गेले ते भोपळ्याच्या पाय नावाच्या गोड पदार्थासाठी. शिवाय घरी टीव्हीशिवाय कुणी नव्हतं.

जमलेले पाच-सहा जण अगदी साधे होते. एक दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर, एक शाळेची बस चालवणारा, एक नर्स. सबनिसांना आपल्या महाराष्ट्र मंडळाची कमिटी आठवली. इंग्रिडनं जेवणाच्या टेबलाभोवती मिठाचं रिंगण घातलं. काळ्या मुठीचा एक सुरा हातात धरून ती चारी दिशांना तोंड करून काहीतरी पुटपुटली. त्या सुऱ्यानं काही कापायचं नसतं, एवढं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. मग आडवं कापलेलं सफरचंद मध्ये ठेवलं, आणि बोलणं बंद व्हायच्या आधी शेवटचं बजावलं.

"एकेकानं खुर्चीच्या पाठीला हात लावायचा आणि आपल्या माणसाला मनातल्या मनात बोलवायचं. नाव घेऊन. नाव घ्यायचंच."

सबनिसांची पाळी आली. त्यांनी खुर्चीवर हात ठेवला आणि तिथे त्यांची पंचाईत झाली. बायकोला नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. लग्नात सगळ्यांनी आग्रह केला म्हणून उखाण्यात एकदा नाव घेतलं होतं, आणि ग्रीन कार्डाच्या इंटरव्ह्यूत ऑफिसरनं विचारलं म्हणून दुसऱ्यांदा. बाकी सगळा संसार 'अगं'वर झाला. लोकांत 'उर्वीची आई', हॉस्पिटलात 'माय वाइफ'. आता मनात तरी ते नाव घ्यावं तर तेही कसंतरीच वाटायला लागलं, परक्या बाईला हाक मारल्यासारखं. मागे नर्स तिच्या पाळीची वाट बघत होती.

'अगं, ये', असं मनात म्हणून सबनीस जाग्यावर येऊन बसले.

झालं काहीच नाही. भोपळ्याचा पाय खाल्ला, मग बटाटे, मग गार होत आलेलं सूप. चमच्यांचा आवाज तेवढा होत होता. कुणाकुणाचे डोळे भरून आले. सबनिसांचे आले नाहीत, पण रिकाम्या खुर्चीसमोरच्या ताटाकडे बघताना त्यांना वसुधाची इतकी आठवण झाली की त्यांनी चमचा खाली ठेवला. मग इंग्रिडनं पाहुण्यांचे आभार मानले, निरोप दिला, रिंगण मोडलं. सबनीस शेजारच्या आपल्या घरी आले, दाराशी उभ्या पोरांना उरलीसुरली चॉकलेटं दिली आणि झोपले.

३

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. चार वाजायच्या सुमाराला सबनीस पुढच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसले होते. स्वयंपाकघरात कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

सबनिसांनी मान वर केली नाही. कान तेवढे तिकडे लागले. गाळणं सिंकच्या कडेला दोनदा आपटल्याचा आवाज झाला, ठक ठक. मग पातेल्यात काहीतरी उकळायला लागलं. मग छोट्या खलबत्त्यात आलं कुटल्याचा आवाज. मग नळ सुटला, आणि सगळ्यात शेवटी फ्रिजचं दार उघडून मिटलं. त्यानंतर शांत.

ते उठून आत गेले. ओटा कोरडा होता. गाळणं खिळ्याला टांगलेलं. खलबत्ता वरच्या कपाटात, वसुधा गेल्यावर त्यांनी स्वतःच ठेवला होता तिथे, धुळीसकट. सबनीस तिथे बराच वेळ उभे राहिले आणि आपल्याला नक्की काय खटकतंय ते शोधत राहिले. आवाज एकूण एक ओळखीचे होते, वर्षानुवर्षं ह्याच वेळेला ऐकलेले. पण वसुधा आधी फ्रिज उघडायची आणि कप शेवटी ठेवायची. आत्ता ऐकले ते बरोबर उलट्या क्रमानं आले होते.

कारणं बरीच होती. थंडी सुरू झाली की हीटिंगच्या नळ्या कुरकुरतात. एकटा माणूस कान लावून बसला की मेंदू जुने आवाज पुरवतो. आणि उलट्या क्रमाचं काय, तर परवाच उलटं वाढलेलं जेवण जेवून आलो, तेच डोक्यात बसलंय. सबनिसांनी तिन्ही कारणं मनाशी नीट मांडली. त्यांतलं एकही त्यांना आवडलं नाही, पण आवडण्याचा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारला कप वाजला. तिसऱ्या दिवशीही. आधी कप, शेवटी फ्रिज. सबनीस खुर्चीला खिळून ऐकत राहत. आणि मग एका दिवशी, उकळी फुटल्यावर आलं कुटायला सुरुवात झाली तेव्हा, त्यांच्यातला तो जन्मभर चुका काढणारा माणूस गप्प बसेना.

"अगं, आलं आधी कुटतात!" ते बसल्या जागेवरून ओरडले.

कुटणं थांबलं. नळाचा आवाज झाला नाही, फ्रिजचाही नाही. सबनीस आपलं आपणच हसले आणि शब्दकोड्यात डोकं घातलं. पण त्या दुपारी ते चहा करायला आत गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आधी फ्रिज उघडला. मग नळ. मग आलं कुटलं गेलं, मग उकळी, मग गाळणं दोनदा आपटलं, आणि शेवटी, अगदी अलगद, कप ओट्यावर ठेवला गेला.

सबनिसांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

४

नोव्हेंबर त्यांचा फार चांगला गेला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, पण गेला खरा.

ते घरात बोलायला लागले. सुरुवातीला नुसतं चारच्या चहापुरतं, मग सकाळीसुद्धा. अगं, तुझी ती खिडकीजवळची खुर्ची तशीच आहे बघ. अगं, तू संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पडदे सारायचीस. त्या संध्याकाळी पडद्याच्या कड्या दांड्यावरून सरकल्याचा आवाज आला. पडदे होते तिथेच होते, पण आवाज आला. सांगितलं की व्हायचं. न सांगता मात्र नवीन काही व्हायचं नाही. ही गोष्ट सबनिसांच्या ध्यानात आली होती. त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. बिघडलेला पेसमेकर त्यांनी कधी असा बाजूला ठेवला नसता.

आवाजांमागून वास आला. आधी आल्याचा, मग तुपाच्या फोडणीचा. रात्री ताट घासून ठेवताना ते आता दोन ताटं घासून ठेवत.

रविवारी उर्वीचा फोन आला.

"बाबा, कसे आहात?"

"मजेत."

"खरंच मजेत वाटताय! ऐका ना, मी थँक्सगिव्हिंगचं तिकीट बुक करते तुमचं. वन वे. परतीचं नंतर बघू. रूम रेडी आहे, अनिका रोज विचारते आजोबा कधी येणार म्हणून."

"बघू गं. इथे ड्राइव्हवेतला स्नो काढायचं काम कुणाला द्यायचं ते ठरायचंय."

"बाबा, दॅट इज नॉट अ रीझन यार. विंटरमध्ये तुम्ही एकटे असलात की मला झोप लागत नाही. तुम्हाला आमच्याकडे करमत नाही का?"

"एकटा कुठे," असं सबनिसांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी सावरलं. "म्हणजे इंग्रिड आहे, मंडळ आहे."

उर्वी कान देऊन काहीतरी ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही कुकर लावलाय का?"

"नाही. का?"

"मागे शिट्टी झाली. आईच्या त्या जुन्या कुकरची व्हायची ना, आधी फुसफुस करून मग दमल्यासारखी? तशी. पण तो तर आपण डोनेट केला ना?"

"टीव्ही असेल," सबनीस म्हणाले.

टीव्ही बंद होता. आदल्या दिवशीच त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्या कुकरच्या शिट्टीची नक्कल करून दाखवली होती. फोन ठेवल्यावर त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. आपल्याला भास होतात असं इतके दिवस निदान म्हणता येत होतं. आता उर्वीनंही ऐकलं होतं, टेक्ससमध्ये बसून.

त्यांनी थँक्सगिव्हिंगला येत नाही म्हणून कळवून टाकलं.

५

पण धंद्याची सवय जात नाही. एखादं यंत्र नेहमी बरोबर उत्तर देत असेल तर ते खरंच मोजतंय की तुम्हीच दिलेलं उत्तर तुम्हाला परत देतंय, हे तपासायची एक साधी युक्ती असते. त्याला मुद्दाम चुकीची माहिती द्यायची.

सबनिसांनी ती युक्ती आठवडाभर पुढे ढकलली. रोज ठरवायचे आणि रोज चारचा चहा ऐकत बसायचे. करावं कशाला, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. घर भरलेलं होतं. सकाळी उठावंसं वाटत होतं. बिघाड शोधायला कुणी सांगितलं होतं?

शेवटी एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. चारच्या सुमाराला आत पाऊल टाकायचं त्यांनी अलीकडे बंद केलं होतं. का, ते त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. दारातूनच, सहज बोलल्यासारखं ते म्हणाले, "अगं, तुला कारल्याची भाजी किती आवडायची. आठवड्यातून दोनदा तरी करायचीस."

वसुधाला कारल्याचा तिटकारा होता. लग्नानंतर सासरी पहिल्यांदा कारलं चिरलं त्या दिवशी ती परसात जाऊन उलटी करून आली होती, आणि नंतर ती भाजी ह्या घरात कधी आली नाही. हॉटेलात कुणी शेजारच्या टेबलावर मागवली तरी ती जागा बदलून मागायची. ती कुठेही असली, कशीही असली, तरी हे विसरणार नाही याची सबनिसांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी ते चार वाजायच्या आधीपासूनच खुर्चीत बसून होते. काही होऊ नये, निदान ह्या एका बाबतीत काही होऊ नये, असं ते मनात घोकत होते.

आधी सुरी चालल्याचा आवाज आला. मग तेल तापलं. मग मोहरी तडतडली, आणि मग सगळ्या घरात कारलं परतल्याचा कडवट, उग्र वास भरून राहिला.

सबनीस हलले नाहीत. वास वाढत गेला. पळीचा आवाज येत होता, घाई नाही, गडबड नाही. सांगितलेलं काम करणाऱ्या माणसाचा आवाज. महिनाभर आपण कुणाला घर शिकवलं, ही पहिली गोष्ट त्यांच्या मनात आली नाही. पहिली आली ती ही, की मग वसुधा कुठे आहे.

६

इंग्रिडनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ती हसली नाही की डोळे विस्फारले नाहीत. लायब्ररीला परत न केलेल्या पुस्तकाची हकीकत ऐकावी तसं तिनं ऐकलं. सकाळ होती. तिच्या खिडकीतून सबनिसांचं घर दिसत होतं. बर्फ भुरभुरायला लागलं होतं.

"खुर्चीला हात लावलास तेव्हा तू कुणाचं नाव घेतलंस, नॅरेन?"

"घेतलं नाही."

"म्हणजे?"

"मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्यात तशी पद्धत होती. माझ्या पिढीपर्यंत तरी."

"मग हाक मारायची असेल तेव्हा काय म्हणायचास?"

सबनिसांनी सांगितलं. इंग्रजीत त्याला शब्द नव्हता, म्हणून समजावूनही सांगितलं. बायकांना हाक मारायला म्हणतात. बायकोला, बहिणीला, मैत्रिणीला, कुणालाही.

इंग्रिडनं हातातला कॉफीचा मग खाली ठेवला. "म्हणजे तू दार उघडून म्हणालास, कुणीही या."

"माझ्या मनात तीच होती."

"मनात काय होतं ते तुला माहीत. बाहेर ऐकू गेलं ते एवढंच."

सबनिसांना वाद घालायचा होता. हे सगळं शास्त्राला धरून नाही, असं म्हणायचं होतं. पण कारल्याचा वास अजून त्यांच्या स्वेटरला होता. ते म्हणाले, "ती आली असेल का त्या दिवशी? माझी बायको?"

इंग्रिडनं खिडकीतून सबनिसांच्या घराकडे बघितलं.

"खुर्ची एकच होती, नॅरेन," ती म्हणाली.

 वसुधा कुणाच्या तरी दारात ताटकळली आहे, ही कल्पना सबनिसांना सहन होण्यासारखी नव्हती. लग्नघरातसुद्धा ती कधी जागा मागून घ्यायची नाही, कुणी बोलावलं तरच पुढे यायची.

"आता काय करू?"

"नाव घेऊन बोलाव. मोठ्यानं. ती जवळपास असेल तर येईल. आणि तुझ्या घरात जे कोणी आहे, त्यालाही कळेल की ते जेवण त्याच्यासाठी नव्हतं. पुढे कुणाला ठेवायचं ते तूच ठरवायचंस. घर तुझं आहे." मग तिनं विचारलं, "मी येऊ सोबत?"

सबनीस नको म्हणाले. बायकोला नावानं हाक मारायची, ती शेजारणीसमोर, हे त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

७

दुपारभर बर्फ पडत होतं. चार वाजले तेव्हा उजेड जेमतेम उरला होता, आणि तोही सगळा बाहेरच्या पांढऱ्यावरून आत येत होता. सबनीस मागच्या खोलीत, बाहेरच्या लाकडी डेकवर उघडणाऱ्या काचेच्या दाराशी उभे होते. त्यांच्या पाठीमागे जेवणाचं टेबल, त्याच्यामागे स्वयंपाकघर. दिवा लावायचा राहून गेला होता.

आत फ्रिज उघडला. नळ सुटला. आलं कुटायला सुरुवात झाली. क्रम अगदी बरोबर होता.

सबनिसांनी नाव घ्यायचा प्रयत्न केला आणि नुसता घसा खाकरला गेला. ह्या वयात आपण लाजतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना स्वतःचा रागही आला. एवढंसं नाव. आईवडलांनी हौसेनं ठेवलेलं, तिच्या मैत्रिणी दिवसातून दहादा घ्यायच्या. हाक म्हणून आपण ते तिला एकदाही दिलं नाही. ते तिला ऐकायला आवडलं असतं का, हेही विचारलं नाही.

"वसुधा," ते म्हणाले.

कुटणं थांबलं.

"वसुधा," त्यांनी पुन्हा, मोठ्यानं हाक मारली. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. "वसुधा, ये. मी बोलावतोय."

घरात आता कुठलाच आवाज नव्हता. हीटिंगही बंद पडलं असावं. आतली ती शांतता रिकामी नव्हती. कुणीतरी हातातलं काम थांबवून ऐकत होतं. सबनिसांनी मागे वळायचं टाळलं आणि बाहेर बघत राहिले. डेकच्या फळ्यांवर बर्फाचा जाड, सपाट थर होता. पलीकडे मेपलची झाडं, त्यांच्यापलीकडे तळं, आणि त्याच्या अलीकडे काहीतरी होतं, जे सकाळी तिथे नव्हतं.

ते जवळ आलं तेव्हा चालताना दिसलं नाही. झाडांशी होतं, मग कठड्याशी होतं. मग काचेला लागून वसुधा उभी होती.

सबनिसांचं जुनं फ्लीसचं जाकीट तिच्या अंगावर होतं, हिवाळाभर ती घरात घालायची ते. चष्मा कपाळावर चढवलेला. केसांत बर्फ अडकलं होतं आणि ते वितळत नव्हतं. तिच्यामागे डेकवर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. हे सगळं सबनिसांच्या नजरेनं टिपलं आणि त्यातलं काहीही त्यांना महत्त्वाचं वाटलं नाही. ती फार थकलेली दिसत होती. खूप दिवस उभी असल्यासारखी. 

आनंदानं त्यांनी कडीकडे हात नेला. वसुधानं काचेवर तळवा टेकवला. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून मागे, घरात बघत होती, आणि हळूहळू नकारार्थी मान हलवत होती.

मागे कप टेबलावर ठेवला गेला. ओट्यावर नव्हे, टेबलावर. त्यांच्या पाठीशी, चार हातांवर. आल्याचा ताजा वास आला. आणि महिनाभरात जे घडलं नव्हतं ते घडलं. हाक आली.

"अहो."

आवाज वसुधाचा होता. त्यातली ती जराशी कुरकुरसुद्धा तिचीच, चहा गार होतोय म्हणताना असायची ती. काचेपलीकडच्या वसुधाचे ओठ मिटलेले होते.

सबनिसांना सगळं कळत होतं. कुणी हाक मारली ते कळत होतं, कडी बोटांखाली होती तेही कळत होतं. पण आयुष्यभर चार वाजता ह्या हाकेला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, आणि ते द्यायला त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता.

"आलो गं," ते म्हणाले.

वसुधानं काचेवरचा हात खाली घेतला.